नवी गोळी सुरू झाली, मग जुनीचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती तीन आठवड्यांवर आले. आमच्या वाडीतल्या बंद घरांची दारे आता उघडायला लागतील. मुंबई-पुण्याचे चाकरमानी येतील आणि त्यांच्या बॅगांतून गावच्या म्हाताऱ्या आईवडिलांसाठी गोळ्यांच्या पट्ट्या येतील. त्याआधी हे पत्र छापून यावे म्हणून घाईने लिहायला बसले आहे.

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात राहते. घरी कोकमाचा छोटा धंदा आहे, आगळ आणि सोलं करून विकते. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. मी त्यांना आईच म्हणते. त्यांना रक्तदाब आहे हे २०१८ साली कळले. आशाताईंनी वाडीत सगळ्यांची तपासणी केली तेव्हा. तोवर त्यांना काहीच त्रास नव्हता, डोकेसुद्धा दुखत नव्हते. तेव्हापासून उपकेंद्रातून दर महिन्याला ३० गोळ्या मिळायच्या, ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमच्या. फुकट, आणि घरापासून चालत दहा मिनिटांवर. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो कार्यक्रम देशात नोव्हेंबर २०१७मध्ये सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे निवडले होते आणि त्यांत आपला सिंधुदुर्ग होता. त्या कार्यक्रमाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. मला त्याचा अभिमान आहे, कारण त्याचा गुण मी माझ्या घरात पाहिला आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझे दीर आईंना मोतीबिंदूसाठी मुंबईला घेऊन गेले. कोकमाचा हंगाम ऐन भरात, मला सोबत जाता आले नाही. शस्त्रक्रियेआधी तपासले तेव्हा दाब १७० वर ९६ निघाला. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, गोळी कुठली घेता? आईंनी सांगितले, पांढरी, बारकी. आम्ही कोणीही पट्टी बरोबर दिली नव्हती. ती चूक आमचीच. डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली, डोळ्याचे काम नीट झाले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आई तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन घरी आल्या.

उपकेंद्रात त्यांचे कार्ड होतेच. नेहमीच्या तारखेला त्या तिथे गेल्या आणि नेहमीच्या ३० गोळ्या घेऊन आल्या. सकाळी चहानंतर एक मुंबईची, एक इथली. मी एकदा विचारलेही होते. त्या म्हणाल्या, "ती मुंबयची, ही हयची. डॉक्टरान जुनी बंद कर म्हणान सांगूक नाय." मलाही ते पटले. दाब वाढला म्हणून आणखी एक गोळी दिली असेल, असेच मी धरून चालले.

मुंबईच्या त्या पट्टीवर कंपनीने ठेवलेले नाव ठसठशीत होते आणि त्याच्यापुढे 'एएम' अशी दोन अक्षरे. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते की एका गोळीत टेल्मिसार्टन (दाबाचेच दुसरे औषध) ४० मिलिग्रॅम आणि ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे 'एएम' हीच आमची जुनी ॲम्लोडिपिन. तीच गोळी आई दोन नावांनी, दोन रंगांत, रोज दोनदा घेत होत्या. हे मला कळले ऑगस्टमध्ये, रुग्णालयाच्या खाटेजवळ.

मधल्या दोन महिन्यांत काय झाले ते सविस्तर लिहिते, कारण यातली एकेक पायरी कुठल्याही घरात घडण्यासारखी आहे.

जुलैच्या सुरुवातीला आईंचे पाय सुजले. घोट्यावर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा. चप्पलेचा पट्टा संध्याकाळपर्यंत रुतलेला असायचा. ॲम्लोडिपिनने रक्तवाहिन्या सैल होतात, दाब उतरतो तो त्यामुळेच, पण त्यातून पाणी झिरपून घोट्याशी साठू शकते. मात्रा दुप्पट झाली की ही सूज येण्याचा संभवही वाढतो. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. जवळच्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पाय पाहिले आणि लघवीची गोळी लिहिली. कुठल्या गोळ्या चालू आहेत हे त्यांनी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. ॲम्लोडिपिनची सूज लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही, कारण अंगात पाणी वाढल्याची ती सूज नसते. आईंचीही उतरली नाही. चार चार वेळा रात्री उठणे मात्र सुरू झाले.

त्यात गुडघे. पावसाळ्यात त्यांचे गुडघे दरवर्षी धरतात. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, डायक्लोफिनॅक. दुकानदाराने पट्टीतून सहा गोळ्या कात्रीने कापून दिल्या. नाव आणि मुदतीची तारीख होती ती बाजू त्याच्याकडेच राहिली. दुखण्याच्या या जातीच्या गोळ्या रक्तदाब वाढवतात. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना त्या घेतल्या तर मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ताण येतो. हे मला पुढे रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावले.

श्रावणात दोन दिवस जुलाब झाले. गोळ्या चालूच. तिसऱ्या दिवशी पहाटे आई तुळशीजवळ दिवा लावायला खळ्यात उतरल्या आणि तिथेच कोसळल्या. मी धावले. डोक्याला खोक, कोपराला खरचटलेले. "गे, माका काय जाल्ला नाय," म्हणाल्या आणि पुढच्याच वाक्यात मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ती हाक मला अजून झोपेत ऐकू येते.

रुग्णालयात झोपलेल्या स्थितीत दाब ११६ वर ७० भरला. उभे केल्यावर ८६ वर ५४. रक्तातले सोडियम १२१ होते, ते १३५ ते १४५च्या मध्ये असायला हवे. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिएटिनीनही वाढलेले. म्हणजे उठून उभे राहिल्याबरोबर दाब घसरत होता, लघवीच्या गोळीने रक्तातले सोडियम बाहेर फेकले होते आणि जुलाबाने उरलेसुरले पाणी गेले होते. भेटायला आलेल्या एकीने मीठपाणी पाजायला सांगितले. डॉक्टरबाईंनी हात जोडून नको म्हटले. सोडियम हळूहळू वाढवावे लागते, घाई केली तर मेंदूला इजा होते. पाच दिवस त्या दर काही तासांनी रक्त तपासत होत्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक काम सांगितले होते: घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या घेऊन या, रिकाम्या पट्ट्यासुद्धा. माझे यजमान दुचाकीवरून जाऊन बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. तो डबा डॉक्टरबाईंनी टेबलावर पालथा केला. एकेक तुकडा उजेडात धरून वाचत गेल्या आणि एका रेषेत मांडत गेल्या. अकरा तुकडे होते. त्यांतल्या तीन तुकड्यांवर नावच नव्हते. एक गोळी माझ्या सासऱ्यांची निघाली, ते जाऊन चार वर्षे झाली. मग त्यांनी मुंबईची पट्टी आणि उपकेंद्राची पट्टी शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्हींवरच्या त्याच एका नावाखाली पेनाने रेघ ओढली. मला चष्मा लावून वाचायला लावले. मी वाचले आणि खाटेवर बसले.

मला कुणावर राग काढायचा नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी लिहिलेली गोळी योग्यच होती. आज आई तीच घेतात आणि त्यांचा दाब १३० वर ७६च्या आसपास असतो. उपकेंद्राची गोळीही योग्यच होती. मधे एक वाक्य कोणी लिहिले नाही, एवढेच: ही सुरू, म्हणून ती बंद. ज्या कागदावर नवी गोळी लिहिली त्याच कागदावर हे वाक्य असते, तर आई त्या पहाटे पडल्या नसत्या. म्हणून सर्व डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे. नवी गोळी लिहिताना जुनी चालू की बंद, हे मराठीत एका ओळीत लिहून द्या. औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली केला आहे. मूळ नाव वाचता आले तर दहावी झालेली सूनसुद्धा दोन पट्ट्या ताडून पाहू शकते.

औषधाच्या दुकानदारांनाही सांगणे आहे. पट्टी कापायची तर नाव असलेला भाग गिऱ्हाइकाला द्या. ते जमत नसेल तर कागदी पाकिटावर नाव आणि वेळ देवनागरीत लिहा. आणि चिठ्ठीशिवाय दुखण्याची गोळी मागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला 'बीपीची गोळी चालू आहे का?' एवढे विचारा. मला विचारले असते तर मी हो म्हटले असते.

आता एक भीती आहे ती सांगते. हे वाचून कोणी गोळ्या बंद केल्या तर मला माझे पत्र आयुष्यभर लागेल. आई घरी आल्यावर वाडीतल्या चार जणींनी हेच सांगितले, बंद करा त्या गोळ्या, त्यांनीच झाले सगळे. आमच्याच गावातल्या एका तांडेलाने असे केले होते. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठली, होडीवर सारखे लघवीला जायला लागते म्हणून त्याने गोळ्या घरी ठेवल्या. दाब मोजला तर १३०च होता, मग कशाला, असे म्हणाला. तो दाब गोळीमुळे १३० होता. नारळी पौर्णिमेनंतर थोड्याच दिवसांत त्याची उजवी बाजू गेली. आज तो पडवीत बसून जाळे विणतो, डाव्या हाताने. त्याने गोळी बंद करण्याऐवजी डॉक्टरांना अडचण सांगितली असती, तर वेळ बदलून मिळाली असती, नाहीतर दुसरी गोळी मिळाली असती. दाबाच्या गोळ्यांचे बरेच प्रकार आहेत. एनालाप्रिल किंवा रामिप्रिलने कोरडा खोकला लागला तर ती बदलता येते, ॲम्लोडिपिनने सूज आली तर मात्रा कमी करता येते. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, क्लोनिडीन या गोळ्या तर एकदम तोडायच्याच नसतात. दाब उसळतो, छातीत दुखू शकते.

गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसरा दिवस उजाडला तर विसरलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. आईंना हे पटवायला मला फार वेळ लागला. कालचा बाकी राहिलेला नैवेद्य आज दाखवावा तसे त्या करायच्या.

उलट्या-जुलाब लागले, ताप येऊन पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा उपकेंद्रातल्या ताईंना फोन करावा आणि टेल्मिसार्टन, लघवीची गोळी वगैरे तेवढे दिवस थांबवायची का, हे विचारावे. आपल्या मनाने ठरवू नये. आणि सकाळी उठताना घाई नको. आधी खाटेवर पाय सोडून बसायचे, मग उभे राहायचे, मग चालायचे. आई आता कोंबडा आरवल्यावर दोन मिनिटे तशाच बसतात.

उसनवारीचेही लिहायला हवे. आपल्याकडे गोळ्या संपल्या की शेजारणीकडून चार आणतात, वाटीभर साखर आणावी तशा. दोघींनाही बीपी आहे म्हणजे दोघींची गोळी एकच, असे नसते. घरात दिवस गेलेली सून किंवा लेक असेल तर जास्तच सांभाळावे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, पोटातल्या बाळाला अपाय होतो.

कोकणातल्या हवेचा एक धडा आम्हाला औषधाच्या माहितीपत्रकातून मिळाला. दिरांनी मोठ्या हौसेने सात वारांच्या कप्प्यांची डबी पाठवली होती. मी गोळ्या सोलून त्यात भरल्या. पावसाळ्यात चौथ्या दिवशी गोळ्या ओलसर, कडेने भुगा झालेला. टेल्मिसार्टन हवेतला दमटपणा ओढून घेते, ती खायच्या वेळीच पट्टीतून काढायची असते. आता मी पट्टीच कापून, गोळी बंदच ठेवून कप्प्यात घालते. चुलीवरच्या फळीवर तर कुठलेच औषध ठेवू नये.

दिरांनी 'कमी सोडियमचे' मीठही पाठवले होते. रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी तेही परत ठेवायला सांगितले. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते आणि टेल्मिसार्टनने रक्तातले पोटॅशियम आधीच वाढू शकते. मूत्रपिंड नाजूक झालेल्या माणसाला ते घातक ठरू शकते. सैंधव चालेल का, असे मी विचारले. तेही मुख्यतः मीठच. मग राहिले एकच, नेहमीचे मीठ कमी करणे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे एक चहाचा चमचासुद्धा भरून नाही. मी आगळ करते, त्यात किती मीठ पडते हे माझ्या हाताला ठाऊक आहे. त्याच आगळाची सोलकढी आई रोज दोन वाट्या प्यायच्या, सोबत सुका बांगडा, पापड, मिठातली कैरी. आता त्यांच्यासाठी मी बिनमिठाची सोलं वेगळी सुकवते. सुका बांगडा आठवड्यातून एकदा, तोही भिजवून, पाणी टाकून. सुरुवातीला त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मोजण्याबद्दल थोडेसे. उपकेंद्राची चढण चढून गेल्या गेल्या मोजू नये. पाच मिनिटे पाठ टेकून बसावे, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकलेला, बोलायचे नाही. त्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. आईंचा दाब एकदा चढण चढून आल्यावर १५८ होता, बसल्यावर १३८ झाला. १५८ धरून कोणी गोळी वाढवली असती तर?

आमच्या घरी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर चार रकाने आहेत: औषधाचे मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची, आणि चौथा रकाना 'बंद'. त्या चौथ्या रकान्यात तारखेसह लिहिले आहे: ॲम्लोडिपिन वेगळी, बंद. लघवीची गोळी, बंद. डायक्लोफिनॅक, आईंना कधीच नाही. कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना तो कागद काढून पिशवीत घालतो आणि येताना त्यांच्याकडूनच त्यात बदल करून आणतो. उपकेंद्राच्या ताईंनी मुंबईची गोळी पाहून आईंच्या कार्डावर नोंद केली आहे.

चाकरमान्यांनो, यंदा येताना गोळ्यांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी जरूर आणा. आरतीच्या गडबडीत जमणार नाही, म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवशी, माटवी बांधायच्या आधी, आईवडिलांचा गोळ्यांचा डबा एकदा पालथा करा. त्यांच्यासमोर बसून एकेक पट्टी वाचा. तेच नाव दोनदा आले तर त्याच दिवशी विचारा.

आणि संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणे आहे. आपले वर्तमानपत्र गावागावांत जाते. गणपतीच्या दिवसांतल्या एका अंकात हातभर नको, वीतभर जागा द्या आणि त्यात हा चार रकान्यांचा कोरा तक्ता छापा, मोठ्या अक्षरांत. लोक कापून कपाटाला लावतील. मी आमच्या वाडीतल्या एकवीस घरांत तो हाताने आखून दिला आहे. पुढच्या वाडीसाठी छापलेला मिळाला तर लवकर होईल.

आपली,
एक वाचक
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये, आईंना आवडणार नाही.)